आखूड होत जाणारी फूटपट्टी

मेट्रॉलॉजीच्या पहिल्याच प्रॅक्टिकलला सर एक गोष्ट बजावून सांगतात. जॉब मोजण्याआधी ज्याने मोजायचं ते उपकरण तपासा. व्हर्नियरमध्ये झीरो एरर असेल, तर तुम्ही कितीही मन लावून मोजा, सगळी रीडिंग्ज चुकणारच. आपण माना डोलावतो, जर्नलमध्ये ते वाक्य उतरवतो (बहुतेक वेळा मागच्या बॅचच्या जर्नलमधून!) आणि सबमिशन झालं की विसरून जातो. मीही विसरलो होतो. ते मला पुन्हा आठवलं मेसच्या एका जुन्या रजिस्टरमुळे.

मेसचं रजिस्टर

गेल्या वर्षी मी हॉस्टेलचा मेस सेक्रेटरी होतो. हे पद कोणालाच नको असतं, म्हणून माझ्या वाट्याला आलं. दिवाळीच्या सुट्टीआधी कोठीची साफसफाई करताना मामांना पोत्यांच्या मागे २००४-०५ सालचं रजिस्टर सापडलं. त्यात दर डोई महिन्याचं बिल होतं ८५० रुपये. आमचं २०२४-२५ सालचं बिल होतं ३,४०० रुपये.

माझा रूम पार्टनर म्हणाला, "काय मजा होती राव त्यांची!"

मामा इथे वीस वर्षांपेक्षा जास्त काळ पोळ्या लाटतायत. ते हसले. म्हणाले, "मजा कसली? तवा बी पोरं बिल लई झालं म्हणून रेक्टर सायबाकडं जायचीच की. आन् मला पगार किती हुता, ते बी इचारा."

मी रात्री ते आकडे घेऊन बसलो. आमटी तीच, भात तोच, रविवारची फीस्टसुद्धा तीच. वीस वर्षांत बिल बरोबर चौपट! आपण म्हणतो की जेवण महागलं. पण जेवणात काहीच वाढलं नव्हतं. ज्या रुपयाने आपण ते मोजत होतो, तो रुपया वीस वर्षांत पावलीएवढा झाला होता. पावलीवरून आठवलं, ती २५ पैशांची पावली ३० जून २०११ पासून चलनातूनच गेली. तिच्यात विकत घेण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

आणि मग मला आमच्या घरची गोष्ट आठवली. ती सांगावी की नाही, याचा बराच विचार केला. पण हॉस्टेलमधल्या निम्म्या घरांची गोष्ट हीच असेल, म्हणून सांगतो.

आण्णांची पॉलिसी

आमचे आण्णा कराडजवळच्या एका कारखान्यात फिटर आहेत. २००४ साली माझा जन्म झाला आणि त्याच वर्षी त्यांनी माझ्या नावाने अठरा वर्षांची एक पॉलिसी घेतली. तेव्हा आमच्या आळीतला एक मुलगा इंजिनिअरिंग शिकत होता. आण्णांनी त्याच्या वडिलांकडे जाऊन नीट चौकशी केली. फी, मेस, पुस्तकं, येणं-जाणं धरून चार वर्षांचा खर्च सव्वा लाख. एजंट काकांनी कागदावर हिशेब मांडून दाखवला, की मुलगा अठरा वर्षांचा होईल तेव्हा एक लाख तीस हजार हातात येतील. आण्णा निश्चिंत झाले. वर्षाला ४,२०० रुपयांचा हप्ता. ओव्हरटाईम करून, कधी सणाचा कपडा न घेऊन, अठरा वर्षांत त्यांनी एकही हप्ता चुकवला नाही.

२०२२ साली पैसे आले. एक लाख तीस हजार, ठरल्याप्रमाणे. आण्णांनी पेढे आणले. त्याच महिन्यात माझी ॲडमिशन झाली. पहिल्या वर्षाची फी, हॉस्टेल आणि मेस मिळून खर्च झाला सव्वा लाख. चार वर्षांसाठी जमवलेली रक्कम एका वर्षात संपली. पुढच्या तीन वर्षांसाठी शैक्षणिक कर्ज काढलं आणि ते मंजूर होईपर्यंत आईच्या दोन तोळ्यांच्या पाटल्या गहाण ठेवल्या.

फी भरून परत येताना स्टँडवर आण्णांनी एवढंच विचारलं, "माझं गणित कुठं चुकलं रं?"

मी तेव्हा काही बोललो नाही, कारण मला उत्तर माहीत नव्हतं. बारावीला गणितात ९४ मार्क होते, तरी! हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं उशिरा सापडलेलं उत्तर आहे.

बहात्तरचा नियम

प्रत्येकाने पाठ करावा असा एक सोपा नियम आहे. ७२ ला वाढीच्या दराने भागा, म्हणजे दुप्पट व्हायला किती वर्षं लागतात ते अंदाजे कळतं. इटालियन गणिती लुका पाचोली याच्या १४९४ सालच्या ग्रंथातही हा नियम आहे. पैसा वाढायला तो लागू पडतो, तसाच भाव वाढायलाही.

मेसचं बिल वीस वर्षांत चौपट झालं, म्हणजे दहा वर्षांत दुप्पट आणि पुढच्या दहा वर्षांत पुन्हा दुप्पट. ७२ भागिले १० म्हणजे ७.२. आपल्या आमटीची महागाई झाली वर्षाला सुमारे ७ टक्के.

आता आण्णांचं गणित घ्या. शिक्षणाचा खर्च अठरा वर्षांत सव्वा लाखावरून पाच लाखांवर गेला. हाही चौपट, पण अठरा वर्षांत, म्हणजे दर नऊ वर्षांनी दुप्पट. ७२ भागिले ९ म्हणजे ८ टक्के. आणि पॉलिसीचा परतावा? मी कॅल्क्युलेटरवर काढला, तो वर्षाला साधारण साडेपाच टक्के निघाला. ज्या गाडीमागे आण्णा धावत होते ती ८ च्या वेगाने चालली होती आणि ते साडेपाचच्या वेगाने पळत होते. अठरा वर्षं न थांबता पळूनही अंतर वाढतच गेलं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. महागाई म्हणजे कोणाची तरी लबाडी किंवा एखाद्या वर्षाचा अपघात, असं आपल्याला वाटतं. पण २०१६ साली सरकारने रिझर्व्ह बँकेला जे उद्दिष्ट ठरवून दिलं, तेच मुळी ४ टक्के महागाईचं होतं, २ टक्के इकडे-तिकडे चालेल या अटीवर. ७२ भागिले ४ म्हणजे १८. याचा अर्थ, रिझर्व्ह बँकेने आपलं काम अगदी चोख केलं तरीसुद्धा अठरा वर्षांत शंभर रुपयांची किंमत पन्नासवर येणार! मूल जन्माला येण्यापासून ते इंजिनिअरिंगला जाईपर्यंतचा हा काळ. फूटपट्टी आखूड होणार, हे धरूनच चालायचं असतं.

काही जण म्हणतील की महागाई आता उतरली. खरं आहे, ऑक्टोबर २०२५ मध्ये किरकोळ महागाईचा दर अर्ध्या टक्क्याच्याही खाली होता. पण दर म्हणजे वेग. गाडीचा वेग कमी झाला म्हणून ती मागे येत नाही, कापलेलं अंतर कापलेलंच राहतं. ३,४०० चं बिल परत ८५० वर येणार नाही.

१२ मोठे की ८?

जुनी माणसं नेहमी सांगतात, "आमच्या वेळी पीपीएफला १२ टक्के मिळायचे!" ते खरंच मिळायचे. १९८६ पासून २००० च्या सुरुवातीपर्यंत हा दर १२ टक्के होता. नंतर तो उतरत गेला, २००३ मध्ये ८ वर आला आणि एप्रिल २०२० मध्ये ७.१ वर. मग चांगलं कोणतं, १२ की ८?

उत्तर देण्याआधी महागाई बघा. १९९१ साली महागाई १३ टक्क्यांच्या वर होती आणि २००३ साली ४ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे १२ टक्के मिळवणारा माणूस त्या वर्षी मागे पडत होता आणि ८ टक्के मिळवणारा पुढे जात होता. फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्समधला सापेक्ष वेग हाच. नुसत्या वेगाला अर्थ नसतो, कशाच्या तुलनेत वेग ते सांगावं लागतं.

याचं सूत्र असं आहे:

खरा दर = (१ + व्याजदर) ÷ (१ + महागाईचा दर) − १

एफडीवर ७ टक्के व्याज आणि ६ टक्के महागाई असेल, तर १.०७ भागिले १.०६ वजा १, म्हणजे ०.९४ टक्के. त्या व्याजावर २० टक्के कर बसला तर हातात राहतात ५.६ टक्के आणि खरा दर शून्याच्याही खाली जातो. पासबुकात आकडा वाढतो आणि बाजारात पिशवी हलकी होते!

बचत खात्याचं तर विचारूच नका. एप्रिल २०२२ मध्ये किरकोळ महागाई ७.७९ टक्के होती. म्हणजे आदल्या वर्षी १०,००० रुपयांत येणाऱ्या सामानाला १०,७७९ रुपये लागत होते. देशातल्या सर्वात मोठ्या बँकेच्या बचत खात्यावर तेव्हा २.७० टक्के व्याज होतं. १०,००० चे झाले १०,२७० आणि पाचशे रुपये कमी पडले. ते कोणी चोरले नाहीत, तरी गेले.

आकडा वाढला की आपल्याला श्रीमंत झाल्यासारखं वाटतं, या भ्रमावर अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ आयर्व्हिंग फिशर याने १९२८ साली एक अख्खं पुस्तक लिहिलं, 'द मनी इल्यूजन'. आणि त्याच्याही आधी, १९२३ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. रुपयाने किती वस्तू विकत घेता येतात, ते स्थिर राहिलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. कारण भाव चढले की मजुरी त्या वेगाने चढत नाही आणि मार बसतो तो हातावर पोट असणाऱ्याला. आपल्या मेसमधल्या मामांना हे पुस्तक न वाचताही माहीत आहे.

डोक्यात करायचे बदल

एक. "किती रुपये?" हा प्रश्न सोडून "त्यात काय येईल?" हा प्रश्न विचारायला शिका. परवा एका जाहिरातीत वाचलं, 'निवृत्तीच्या वेळी व्हा करोडपती'. एकविसाव्या वर्षापासून छत्तीस वर्षांनी एक कोटी! महागाई ६ टक्के धरली तर दर बारा वर्षांनी पैशाची किंमत निम्मी होते. छत्तीस वर्षांत तीन वेळा निम्मी, म्हणजे आठवा हिस्सा. ते कोटी म्हणजे आजचे साडेबारा लाख. वाईट नाही, पण बंगला आणि गाडीही नाही.

दोन. "उरलं तर बाजूला टाकू" हा विचार सोडा. उरत नाही. महिन्याच्या पंचवीस तारखेला टपरीवर कोणाची उधारी किती आहे, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पैसे आले त्याच दिवशी बाजूला काढायचे आणि उरलेल्यात महिना भागवायचा. रक्कम शंभर असली तरी चालेल. भिशीत आपल्या आया हेच करत आल्या आहेत, फक्त भिशीतला पैसा वाढत नाही.

तीन. "सुरक्षित" या शब्दाचा अर्थ पुन्हा तपासा. लोखंडी पेटीतल्या नोटा चोरापासून सुरक्षित असतात, महागाईपासून नसतात. म्हणून पैसा कधी लागणार आहे, त्याप्रमाणे त्याची जागा ठरवा. सहा महिन्यांत फी भरायची असेल तर तो बँकेतच हवा, तिथे व्याजाचा विचारच नको. घरात आजारपण आलं तर लागणारे पैसेही तसेच. पण जो पैसा दहा-पंधरा वर्षं लागणार नाही, तो बचत खात्यात कुजवण्यात अर्थ नाही. तिथे पीपीएफ आहे, त्यात वर्षाला कमीत कमी ५०० रुपये भरता येतात. शेअर बाजारातल्या मोठ्या कंपन्यांत थोडं थोडं गुंतवणारे इंडेक्स फंड आहेत. थोडं सोनंही असावं. आईच्या पाटल्या २००१ च्या आहेत. तेव्हा तोळा साडेचार हजारांच्या आत होता, आम्ही गहाण ठेवल्या तेव्हा पन्नास हजारांच्या वर. पण सोनंही सरळ रेषेत चढत नाही बरं का! २०१२ ते २०१८ ही सहा वर्षं भाव जवळजवळ जागच्या जागी होता.

चार. कर्जाकडेही याच फूटपट्टीने पाहा. क्रेडिट कार्डाची थकबाकी वर्षाला ३६ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त व्याजाने वाढू शकते. ७२ भागिले ३६, म्हणजे दोन वर्षांत दुप्पट! असं कर्ज डोक्यावर असताना दुसरीकडे ७ टक्के मिळवण्यात काय हशील? आधी ते फेडा.

पाच. आपल्या वयात सगळ्यात मोठी मालमत्ता म्हणजे आपली कमाईची ताकद. दोन हजार रुपये कुठे गुंतवावेत, यावर रात्रभर वाद घालण्यापेक्षा एखादं सॉफ्टवेअर नीट शिकलो, केटी न लावता पास झालो, चार वाक्यं इंग्रजीत धड बोलायला शिकलो, तर पहिल्या पगारात जो फरक पडेल तो कोणताही फंड देणार नाही. महागाईबरोबर आपलं कसबही महाग झालं पाहिजे.

पण घाई नको

हे सगळं वाचून कोणी उद्या मोबाईलवर ऑप्शन्स घ्यायला धावू नये, म्हणून हा परिच्छेद. आपल्याच विंगमध्ये मेसचं डिपॉझिट घालवून बसलेले दोघे आहेत, नावं सांगत नाही. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या वैयक्तिक लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले आणि सगळ्यांचा मिळून तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर होता. क्लासरूममध्ये ६० जण असतील, तर त्यातले ५६ बुडाले!

शेअर्समध्ये पैसे गुंतवून शांत बसणाऱ्यालाही धीर लागतो. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्सने २१,००० ओलांडले आणि मार्च २००९ मध्ये तो साडेआठ हजारांच्या खाली आला. २१,००० च्या वर जाऊन तिथेच टिकायला २०१४ साल उजाडावं लागलं. जुलै २०२४ मध्ये तो ८०,००० च्या पुढे गेला हे खरं, पण मधली सहा वर्षं ज्याला पैशांची गरज पडली, त्याने काय करायचं? म्हणून तिथे फक्त असाच पैसा, जो बराच काळ लागणार नाही.

आणि तो फिशर आठवतो ना, भ्रमावर पुस्तक लिहिणारा? १९२९ साली न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला, त्यात त्याची स्वतःची संपत्ती बुडाली. त्याने उधारीवर शेअर्स घेतले होते. सूत्र माहीत असणं वेगळं आणि लोभ आवरणं वेगळं.

स्वाध्याय

लेख वाचून विसरू नये म्हणून तीन गणितं देतो.

१. घरचा महिन्याचा खर्च आज २०,००० रुपये आहे. महागाई ६ टक्के धरून २४ वर्षांनी त्याच राहणीला किती लागतील? (उत्तर: ८०,०००)

२. एफडीवर ६.५ टक्के, त्यावर २० टक्के कर, महागाई ५ टक्के. खरा दर काढा. (उत्तर: ०.२ टक्क्याच्या आत)

३. आपल्या डिपार्टमेंटमधल्या सर्वात जुन्या शिपाईकाकांना विचारा, नोकरीला लागले तेव्हा चहा कितीला होता. बहात्तरच्या नियमाने दर काढा. याचं उत्तर माझ्याकडे नाही, पण गप्पा नक्की चांगल्या होतील.

शेवटी

या दिवाळीत घरी गेलो, तेव्हा आण्णांना हे सगळं सांगितलं. स्टँडवरच्या प्रश्नाचं उत्तर तीन वर्षांनी! म्हटलं, "आण्णा, तुमचं गणित बरोबर होतं. फक्त २००४ च्या रुपयाने २०२२ चा खर्च मोजला. आणि तो एजंटही तुम्हाला तेवढंच दाखवत होता."

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हंजी बचत चुकली न्हाई."

"नाही आण्णा. ती बचत नसती तर पहिलं वर्षसुद्धा झालं नसतं."

त्यांनी कपाटातून धाकटीच्या नावाचे कागद काढले. ती नववीत आहे, चार वर्षांनी कॉलेजला जाईल. म्हणाले, "मग हिचं कसं करायचं? बस, कागुद घे."

आम्ही दोघं रात्री अकरापर्यंत बसलो. आजचे पाच लाख चार वर्षांनी ८ टक्क्यांनी पावणेसात लाखांच्या पुढे जातात. आधी तो आकडा लिहिला, मग किती जमलंय ते लिहिलं आणि मग दर महिन्याला किती लागतील ते काढलं. चारच वर्षं हातात आहेत म्हणून शेअर बाजाराचं नाव काढलं नाही, साधं रिकरिंग सुरू करायचं ठरलं. नोकरी लागल्यावर माझ्या पगारातूनही त्यात भर घालायची आहे. आकडा मोठा आहे, आणि अजून पुरता जमलेला नाही. पण या वेळी तो २०२९ च्या रुपयांत लिहिलाय.

तुम्हीही सुट्टीत घरी जाल, तेव्हा एकदा कागद घेऊन आई-वडिलांबरोबर बसा. आपल्यासाठी त्यांनी कुठे कुठे काय काय साठवलंय, ते आपल्याला बहुतेक वेळा माहीतच नसतं.